मुद्देमालातल्या केरसुण्या

गावामागचा डोंगर सरकारचा आहे, हे मावशीला साठी उलटल्यावर कळलं. तोवर तो तिला केरसुण्यांचाच वाटत होता. त्यावरचं उंच गवत कापायचं, ओसरीत बसून सुतळीने मुठी आवळायच्या आणि बाजारात विकायच्या, यात तिची हयात गेली. पावसाने दगा दिला की शेतं हात वर करत. गवताने कधी केले नाहीत. अशा वर्षी अर्धं गाव तिच्या ओसरीत मुठी बांधायला बसे आणि कुठल्याही दाराला कुलूप लागत नसे.

मग वनखात्याचे नवे साहेब आले. डोंगर फार थकला आहे, त्याला विश्रांती हवी, असा त्यांनी शोध लावला. डोंगराची तशी काही तक्रार नव्हती, पण सोशिकांच्या वतीने कुणीतरी बोलायला हवंच. पायथ्याला कचेरी झाली, 'प्रवेश बंद'ची पाटी लागली आणि राखणदार म्हणून नेमला गेला मावशीचाच जावई.

मावशी भारा घेऊन उतरली, तर समोर खाकी सदऱ्यात, गळ्यात शिट्टी अडकवून तो उभा.

"आई, भारा ठेवा खाली. माझी नोकरी जाईल."

"ठेवते की, जावईबापू. लेकीला सांगा, यंदा आईकडून दाणे येणार नाहीत. तुमच्या शिट्टीवर भागव म्हणावं."

भारा जप्त झाला आणि मावशीवर खटला भरला गेला. पाठोपाठ ओसरीतल्या तयार केरसुण्याही मुद्देमाल म्हणून कचेरीच्या कपाटात गेल्या. वर लाखेचं सील. कचेरी मात्र प्लास्टिकच्या झाडूने झाडली जाई. तो साहेबांच्या टेबलाखालची धूळ कारकुनाकडे नेई आणि संध्याकाळी प्रामाणिकपणे परत आणून देई.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. शेतांनी शिरस्त्याप्रमाणे हात वर केले आणि या खेपेला, वरिष्ठांच्या आदेशानुसार, डोंगरानेही केले. घरांना कुलपं लागत गेली. डोंगर मात्र विश्रांतीने चांगला बाळसेदार झाला. छातीएवढं गवत वाळून सोन्यासारखं दिसू लागलं. साहेबांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतले.

एका दुपारी ते सोनं पेटलं. कुणाची विडी होती, ते साहेबांचा फोटोग्राफरच जाणे. वारा गावाकडे होता. अग्निशमनचा बंब आला आणि चढायला रस्ता नाही म्हणून पायथ्यालाच शोभेला उभा राहिला.

"गावकऱ्यांनी सहकार्य करावं!" साहेब ओरडले.

मागे उरलेले गावकरी म्हणजे मावशी आणि तिच्याच वयाची माणसं. मावशी पुढे झाली. "करतो की, साहेब. ओल्या केरसुण्यांनी बडवली की गवताची आग बसते. आजवर तशीच बसवलीय."

"मग आणा ना!"

"कुठून आणू? तुमच्या कपाटात आहेत."

कारकून घाईने म्हणाला, "साहेब, सील तोडता येणार नाही. खटला चालू आहे."

धूर कचेरीच्या छपराशी आला. साहेबांनी छपराकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "तोडा!"

सील जावयानेच तोडलं. मावशीने केरसुण्या पाण्यात बुचकळून वाटल्या. एक जावयाच्या हातात कोंबली. दिवस बुडेपर्यंत सगळे आग बडवत होते. घरं वाचली. अर्धा डोंगर गेला आणि केरसुण्यांचे बुडखे उरले.

पुढच्या हंगामात पाटी बदलली : 'वणवा प्रतिबंधक गवतकापणी योजना.' संकल्पना अर्थातच साहेबांची. मावशी पहिली लाभार्थी ठरली. ओसरीत पुन्हा माणसं बसू लागली. मात्र सगळी कुलपं काही उघडली नाहीत. शहरात गेलेल्यांना परत बोलावणारी योजना अजून कुणाला सुचलेली नाही.

खटला तेवढा चालूच आहे. मुद्देमालच जळाल्यामुळे तो मिटवायचा कसा, हे कुणाला ठाऊक नाही.

"आई, उद्या तारीख आहे," जावई ओसरीच्या पायरीवर उभा राहून हळूच म्हणाला.

"येते. आधी एवढ्या मुठी आवळू द्या."

"कुणाच्या आहेत?"

"तुमच्याच कचेरीच्या. फार धूळ झालीय म्हणे तिथे."