चौथीच्या यादीतलं शेवटचं नाव

पाच जुने कॉम्प्युटर शाळेत आले, त्यांच्याबरोबर मीही आले. शहाद्यातल्या एका कापड व्यापाऱ्यांनी आपल्या पेढीतले संच सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेला दिले होते, आणि ते शिकवायला तिथे कोणी नाही म्हणून वर्षभरासाठी माझी नेमणूकही त्यांनीच केली होती. मी लोणखेड्याची. तिथल्याच कॉलेजातून पदविका घेऊन दोन वर्षं घरी बसलेली. आईला नोकरीचा आनंद झाला. वडिलांनी गावाचं नाव ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तठे लाइट तरी ऱ्हास का?"

लाइट असायची, पण शाळेच्या वेळेत येईल याचा भरवसा नसायचा. पहिल्या आठवड्यात ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा संच सुरू होईपर्यंत गेली. मग मी ज्या खोक्यांतून कॉम्प्युटर आले होते त्यांचेच पुठ्ठे कापले आणि त्यांवर स्केचपेनने कीबोर्ड काढले. मुलं सतरंजीवर बसायची, मांडीवर पुठ्ठा. मी अक्षर सांगायचे, ती बोट ठेवायची. पहिलीतली काही मुलं बोट दाबलं की मान वर करून बंद पडद्याकडे बघायची, काही उमटलं का म्हणून.

मुलांच्या घरी पावरी बोलत. शाळेत मराठी, कीबोर्डवर इंग्रजी, आणि मी चिडले की माझ्या तोंडून अहिराणी यायची. माऊस म्हणजे उंदीर असं सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला आणि त्या दिवशी पुढे काही शिकवता आलं नाही. डबल क्लिक कुणालाच जमत नव्हतं. पहिला दाब इतका जोरात बसायचा की दुसऱ्याआधी बाण भलतीकडेच गेलेला असायचा.

चौथीत सहा जण होते. यादीत शेवटचं नाव होतं त्या मुलीचं. ती रोज वर्षभराच्या बहिणीला कडेवर घेऊन यायची. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि घरी धाकटीला बघायला कोणी नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिला ती मोकळीक दिली होती. ते म्हणायचे की धाकटीला आणू नको म्हटलं तर मोठीही येणार नाही.

त्यामुळे ती उजव्या हातानेच टाइप करायची. डावा हात धाकटीभोवती. मी पहिल्यांदा हट्ट धरला, दोन्ही हात वापरले पाहिजेत, तिला जरा खाली ठेव. तिने ठेवलं. धाकटीने असा गळा काढला की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक सर उठून आले. तेव्हापासून मी एका हाताने कसं टाइप करायचं ते तिला शिकवलं. तसं शिकवायची कुठली पद्धत मला माहीत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून ती बसवली.

दसऱ्यापर्यंत ती वर्गात सगळ्यांत पुढे गेली होती. बाकीची मुलं चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये डोंगर, सूर्य, बैल काढायची. ती फक्त शब्द लिहायची. आधी स्वतःचं नाव, मग धाकटीचं, मग आईचं. मग मका, कोंबडी, पाटी, हंडा, जे डोळ्यांसमोर येईल ते, एकाखाली एक. तू चित्र का काढत नाहीस, असं मी एकदा विचारलं.

"चित्र मला येतं," ती म्हणाली. "हे येत नव्हतं."

एकदा तिचं पान भरत आलं असताना लाइट गेली. परत आली तेव्हा पान कोरं. सेव्ह कसं करायचं ते मी तोवर शिकवलंच नव्हतं. पुढच्या पाठात घेऊ म्हणून ठेवलं होतं. ती रडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. धाकटीला उचलून बाहेर गेली आणि हापशावर तिचं तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सेव्ह करायला शिकवलं. मग ती प्रत्येक शब्दानंतर सेव्ह करायची. एवढं करायची गरज नाही हे मी दोनदा सांगितलं, तिने ऐकलं नाही.

दिवाळी झाली आणि गावात ट्रक आला. अर्धं गाव गुजरातेत ऊसतोडीला जातं. तिच्या घरी जाऊन बघू, असं मी सरांना म्हटलं. आईबाप तोडीला गेलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालायचं. ती तिथे राहिली असती. आम्ही गेलो तेव्हा तिची आई गोधड्यांचं गाठोडं बांधत होती. सरांनी वसतिगृहाचं सांगितलं. तिने हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"ही इथे राहिली तर धाकटीला कोण धरेल?" ती म्हणाली. "मी कोयता धरू का पोर धरू?"

होळीला येतीलच, असं सर म्हणाले आणि आम्ही निघालो. मुलगी अंगणाच्या टोकापर्यंत आमच्या मागे आली आणि पुठ्ठा नेऊ का म्हणून विचारलं. मी ने म्हटलं.

शाळेत तेवीस मुलं होती, त्यातली नऊ त्या ट्रकने गेली.

हजेरी टॅबवर भरायची असते. सरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्या बारीक अक्षरांशी त्यांचं जमत नव्हतं, म्हणून ते काम आपोआप कॉम्प्युटरच्या मॅडमकडे आलं. यादी उघडली की सगळी नावं हिरवी दिसायची, म्हणजे सगळे हजर. गैरहजर असेल त्याच्या नावावर बोट लावलं की ते लाल व्हायचं. मग पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून, तिथेच रेंज मिळायची, पाठवा हे बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी मी नऊ नावं लाल केली. मधल्या सुट्टीत सरांनी मला महूच्या झाडाखाली बोलावलं. ते चौदा वर्षं त्या शाळेवर होते. सकाळी घरोघर फिरून मुलांना उठवून आणणारा माणूस, खोटेपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. त्यामुळे ते अडखळत बोलले.

"रोज नऊ लाल दिसले तर वरून विचारणा होईल, नावं कमी करा म्हणतील. पट वीसच्या खाली गेला तर शाळा मोठ्या गावाला जोडतील. ही लहान मुलं तिथवर चालत जाणार नाहीत. होळीला पोरं परत येतील, तेव्हा त्यांना शाळा तरी असू द्या."

मी सरकारी नोकर नव्हते. नाही म्हणाले असते तर माझं कोणी काही केलं नसतं. पण मला त्यांचं पटलं, हे खरं सांगायला हवं. दुसऱ्या दिवसापासून मी यादी उघडायचे आणि नऊ नावांना हात न लावता पाठवायचे. खोटं असं काही भरावंच लागत नव्हतं. बोट लावलं नाही की झालं.

हिवाळा तसाच गेला. चौदा मुलांना मी फोल्डर करायला शिकवलं, बेरजेचा तक्ता शिकवला. एका संचात उंदराने घर केलं, तो बंद पडला. चौथीत दोघंच उरली होती.

होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी माणसं परतायला लागली. एका सकाळी बसमधून उतरले तर हापशावर मला तिची आई दिसली. कडेवर धाकटी होती, आता चांगली वाढलेली. मला बरं वाटलं. मी जवळ जाऊन विचारलं की मोठी कुठे आहे, आजच शाळेत पाठवा, वर्ष संपत आलं.

ती पावरीत काहीतरी बोलली. मला कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा मराठीत म्हणाली, "ती नाही आली. तिथेच राहिली."

मला वाटलं, नातेवाइकांकडे ठेवली असेल. कधी येणार, असं मी विचारलं. ती एका हाताने परत हापसायला लागली. हंडा भरून वाहायला लागला होता. शेवटी मागे उभ्या असलेल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती वारली."

ताप आला होता. पहिले दोन दिवस झोपडीतच पडून होती. तालुक्याला रविवारी गाडी जाईल तेव्हा दाखवू, असं मुकादम म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आई फडातून पाणी प्यायला आली तर सगळं संपलेलं होतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. शेताच्या बांधाला पुरलं. ऊस निघून गेला, आता ते शेत कोणतं हेही ओळखू येणार नाही, असं तिची आई म्हणाली. हे सगळं ती हंडा डोक्यावर घेऊन सांगत होती, आणि मी तो उतरवायलाही हात पुढे केला नाही.

शाळेत जाऊन मी टॅब उघडला. मागच्या तारखा दिसायच्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती हजर होती. संक्रांतीची सुट्टी संपल्यावर परत हजर. तिथून कालपर्यंत शाळा भरली तो प्रत्येक दिवस ती हिरवी होती. त्यातला एकेक दिवस मी टाकीच्या पायऱ्यांवर उभं राहून स्वतःच्या हाताने पाठवला होता.

सरांना सांगितलं. ते पहिलीच्या मुलांच्या छोट्या बाकावर बसले, चष्मा काढून हातात धरला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "तुमच्यावर काही नाही."

ते मला ऐकायचं नव्हतं. काय ऐकायचं होतं ते अजूनही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. तिचा फोटो कॉम्प्युटरात असेल तर द्या म्हणाली. घरी एकही नव्हता. लाइट नव्हती म्हणून ती व्हरांड्यात बसून राहिली, दुपार उलटून गेल्यावर लाइट आली. मी सगळे फोटो धुंडाळले. कॉम्प्युटर आले त्या दिवशीचा एकच होता, व्यापारी शेठजी मध्ये, भोवती मुलं. दुसऱ्या रांगेत ती उभी होती, पण ऐन वेळी धाकटीकडे बघायला वाकलेली. केसांचा भांग तेवढा दिसत होता. आईने पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "धाकटी दिसते."

मी शहाद्याहून फोटोची प्रत काढून आणली. तिने ती पदराला पुसून नेली. मुलीने लिहिलेली शब्दांची पानं होती, तीही मी छापून दिली. आईला वाचता येत नव्हतं. मुलीचं नाव कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवलं.

यादीतून नाव कमी केलं पाहिजे, असं मी ठरवलं. सर म्हणाले की वर्ष संपू द्या. मी ऐकलं नाही. कारणांची यादी उघडली, मृत्यू निवडलं, तारीख भरली. लाल अक्षरांत उत्तर आलं की या दिनांकानंतर विद्यार्थी हजर आहे. मी पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मग सर तालुक्याला जाऊन विचारून आले. मृत्यूचा दाखला जोडा, मग बघू, असं त्यांना सांगितलं होतं. तिचे वडील ग्रामसेवकांकडे गेले. मरण जिथे झालं तिथून दाखला आणा, असं उत्तर मिळालं. वडील गुजरातेत जाऊन आले. झोपड्या उठल्या होत्या, मुकादम भेटला नाही. ते परत आले ते सरळ शाळेत आले आणि एवढं सांगून गेले. त्यानंतर त्यांना पुन्हा जा म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती.

एप्रिलमध्ये निकाल लागला. आमची शाळा चौथीपर्यंतच, तिचं नाव इतरांबरोबर मोठ्या गावच्या पाचवीत गेलं.

शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत मोठ्या गावच्या शाळेतून एका बाईंचा मला फोन आला. त्यांच्या पाचवीच्या यादीत ही मुलगी दिसत होती, पण दाखल व्हायला आली नव्हती. मी सांगितलं. त्या अरेरे म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, मग मी इथे काय भरू?"

दाखला नव्हता, आणि तारीख मान्य होणार नव्हती. मला एकच रस्ता माहीत होता.

"स्थलांतर भरा," मी म्हटलं.

फोनवर थोडी खटखट ऐकू आली. "हो, घेतलं," त्या म्हणाल्या. त्याला कागद लागला नाही.

माझं वर्ष त्याच महिन्यात संपलं. शेठजींनी पुढच्या वर्षाचं विचारलं, मी प्रवासाचं कारण सांगून नको म्हटलं. आता मी शहाद्यात एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरते. त्या वर्षी पट तेवीस राहिला, शाळा कुठे जोडली गेली नाही. ती आजही भरते. सर निवृत्त झाले. दिवाळीला त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, पाऊसपाण्याचं बोलणं होतं.

मागच्या वर्षी शहाद्याच्या स्टँडवर तिची आई दिसली. धाकटी तिचं बोट धरून चालत होती. आईने मला ओळखलं, गावाला या म्हणाली. मी येते म्हटलं. हजेरीचं मी तिला कधीच सांगितलं नाही, तेव्हाही सांगितलं नाही. त्यांची बस लागली होती. मी धाकटीला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि त्या बसमध्ये चढेपर्यंत थांबले.