आवळण्याआधी ओढलेली रेघ

माझ्या हातात पाना दिसला की घरातली माणसं आपापली कामं आठवून पांगतात. मिक्सर दुरुस्त करताना मी अख्ख्या घराची वीज घालवली आहे, नळाचा वॉशर बदलताना शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पाणी सोडलं आहे. हे सगळं मी चारचौघांत रंगवून सांगतो आणि हशा वसूल करतो. ही एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, भिंगारला लष्करी वर्कशॉपात फिटर होते. तिथली एक रीत त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ सरळ असली तर पुढच्या माणसानं त्या बोल्टाला हात लावायचा नाही. काम झालेलं आहे.

"रेघ म्हंजे सही हाय," आबा म्हणायचे. "आदी आवळायचं, मग रेघ. उलटं करनाऱ्याला आमी पान्याला हात लावू देत नव्हतो."

गेल्या हिवाळ्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीच्या दोन्ही पुढच्या ॲक्सलची रबरं फाटली. ॲक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. आमच्या गाडीत त्याचा आतला सांधा सहा बोल्टांनी गिअरबॉक्सला जोडलेला असतो. मी दोन्ही दांडे काढून ठेवले आणि त्याच संध्याकाळी नेवाशाहून आत्याच्या मुलीचा फोन आला. दवाखान्यानं आत्याला घरी पाठवलं होतं. आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ही आबांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा आबांना हिनंच वाढवलं.

"भाड्याची गाडी सांग," आबा म्हणाले.

"भाड्याची कशाला? मी बसवतो की."

आबांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "बसव. पन आवळताना मला हाक मार. ब्रेकवर बसतो."

दांडा चाकाबरोबर फिरतो, म्हणून शेवटचा जोर लावताना आत कुणीतरी ब्रेक दाबून बसावं लागतं. डावी बाजू आम्ही तशीच केली. आबा दमले म्हणून उजवी सकाळवर टाकली.

सकाळी ते अंघोळीला गेले होते. मी गाडीखाली शिरलो आणि उजवीकडचे सहाही बोल्ट हातानं फिरवून बसवले. रंगाची डबी उघडी होती, ब्रश वाळत चालला होता. म्हटलं, आडवे झालोच आहोत तर रेघा ओढून घेऊ, आवळायचं आबा आल्यावर. रेघा मात्र सुरेख आल्या. माझ्या हातून सरळ आलेली आयुष्यातली ती पहिलीच गोष्ट.

तेवढ्यात फोन वाजला. "दादा, मामा निघाले का? आई सारखी दाराकडं बघती."

मग धावपळ. हात धुतले, जॅक उतरवला, आबांच्या गोळ्या घेतल्या. निघताना मी वाकून गाडीखाली नजर टाकली. सहा पिवळ्या रेघा दिसल्या. माझ्याच रेघांवर माझा विश्वास बसला. आबांनीही काठीवर रेलून, उघड्या बॉनेटमधून बॅटरी मारून रेघा पाहिल्या. ब्रेकवर सूनबाई बसली असेल असं त्यांना वाटलं असावं. ते काही न विचारता पुढच्या सीटवर बसले.

इमामपूरचा घाट उतरताना टकटक सुरू झाली. मी काच वर केली. आवाज कमी झाल्यासारखा वाटला.

"थांबव," आबा म्हणाले.

"आलंच की घोडेगाव."

घोडेगाव आलं नाही. खाडकन आवाज झाला. इंजिन बोंबलत राहिलं आणि गाडी जागच्या जागी. खाली वाकून पाहिलं, तर दांडा लोंबत होता. चार बोल्ट गायब, दोन अर्धे बाहेर आलेले.

"रेघ तुटलीय?" आबांनी विचारलं. त्यांना वाकता येत नव्हतं.

"हो."

"आदी मारलीस?"

मी हाताचं ग्रीस पँटला पुसत राहिलो. त्यांना कळलं.

"बरं. एखादी गाडी थांबव. मला जाऊ दे अक्काकडं."

इथं तरी मी ऐकायला हवं होतं. "दहा मिनिटं, आबा. बोल्ट मागंच पडले असतील," असं म्हणून मी रस्त्याच्या कडेनं खाली मान घालून घाटाकडं चालत गेलो. बोल्ट समजून बाटलीची दोन झाकणं उचलली. तीन बोल्ट खरंच सापडले. ते घेऊन विजयी मुद्रेनं परत आलो, तेव्हा आठवलं की पाना घरी, ओट्यावर राहिलाय. दीड तास गेला होता. आबा मैलाच्या दगडावर बसून होते, एकेक गाडी नेवाशाकडं जाताना बघत. मग एका कांद्याच्या पिकअपला मी हात केला.

नेवाशाला पोचलो, तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. आत्याला जाऊन अर्धा तासही झाला नव्हता.

आबा तिच्या उशाशी बसले. आत्याची मुलगी रडत म्हणाली, "मामा, लई वाट पाह्यली हो तिनं. एवढा उशीर कसा झाला?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता आबा सांगतील, आणि सांगावंच, असं वाटत होतं. आबांनी आयुष्यात कधी कुणाला गाडीला दोष देऊ दिला नव्हता. गाडी बंद पडली असं कुणी म्हणालं, की ते विचारायचे, "कुनी पाडली?"

आबांनी बहिणीचा हात हातात घेतला.

"गाडीनं दगा दिला, पोरी," ते म्हणाले. "जुनी झाली आता."

आठवड्यानं गाडी घरी ओढून आणली. आबा आत जाऊन ब्रेकवर बसले. मी एकेक बोल्ट आवळला, दोनदा तपासला. बाहेर आलो, तेव्हा त्यांनी खिडकीतून रंगाची डबी पुढं केली. मी ती घेतली नाही. त्यांनीही पुन्हा दिली नाही.

ते सहा बोल्ट अजून तसेच आहेत, रेघेविना. कुठंही निघायचं झालं की मी आधी गाडीखाली आडवा होतो आणि प्रत्येकाला पाना लावून बघतो. आबा तोवर पुढच्या सीटवर बसून असतात, घाई करत नाहीत.