तीन अध्यक्ष आणि एक शटल

मालक नसलेली जागा दिली की माणूस पहिलं काम काय करतो? अध्यक्ष नेमतो. हा शोध मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, एका शिलाई मशीनशेजारी स्टुलावर बसून लावला. त्याबद्दल मला अजून कोणी शाल दिलेली नाही.

मशीन आईचं. काळं, पायाने चालवायचं, आम्हा भावंडांच्या शाळेची फी त्याने भरलेली. आई गेल्यावर ते वहिनीकडे आलं. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीने जाहीर केलं, "नवरीच्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज ह्याच मशीनवर शिवणार. सासूबाईंना शब्द दिलाय." आणि लग्नाला दहा दिवस असताना मशीनचं शटल मोडलं. शटल म्हणजे सुईखाली दडून खालचा दोरा फिरवणारा लोखंडी तुकडा. तो गेला की मशीनचं टेबल होतं. आमच्या कॅम्पात जीन्स शिवणारे ढीगभर कारखाने, पण सगळी मशीनं विजेवरची. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, ताई."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "भावजी, तुमच्या त्या मोबाइलमधल्या विद्वानांना विचारा की."

विद्वान म्हणजे आमचं नवं समाजमाध्यम. त्याला कोणी एक मालक नाही. ज्याला हौस असेल त्याने आपला सर्व्हर थाटायचा, आणि हे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. कल्पना उत्तम, म्हणूनच ती आपल्या लोकांच्या हाती द्यायला नको होती. जुन्या शिलाई मशीनचा एक समूह उल्हासनगरच्या सर्व्हरवर, एक अंबरनाथच्या, एक बदलापूरच्या. समूह ज्याचा, सर्व्हरही त्याचाच. पहिल्याचे प्रमुख कॅम्प एकमधले सिंधी दोरा-बटणवाले शेठ. दुसऱ्याचे, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटरसाहेब. तिसऱ्याचा एक संगणक इंजिनीअर, ज्याच्या फ्लॅटमध्ये शिलाई मशीनवर मनीप्लांटची कुंडी असते.

वहिनीने उल्हासनगरात प्रश्न टाकला. उत्तरं आली: "सुप्रभात." "समूहात स्वागत, ताई." एकाने मशीनचा फोटो मागितला, आणि फोटो पाहून फोटोचं कौतुक केलं.

त्याच आठवड्यात ह्या माध्यमावर नवी सोय आली होती. वेगवेगळ्या सर्व्हरवरचे एकाच विषयाचे समूह आपल्या फोनवर एका नावाखाली बांधायचे, म्हणजे सगळ्यांच्या गप्पा एकत्र दिसतात. वाचणाऱ्याने आपल्यापुरता केलेला गठ्ठा. समूह जागच्या जागी राहतात. हे मला समजलं, आणि समजल्याचा आनंद मला आवरला नाही. मी तिन्हीकडे ठोकून दिलं: "आता तिन्ही समूह एकत्र!"

पाप माझंच. तिघांनी वाचलं, विलीनीकरण.

तातडीची बैठक भरली. उल्हासनगर नको, बदलापूर नको, म्हणून तटस्थ भूमी ठरली: विठ्ठलवाडी डेपोजवळचं एक चहाचं हॉटेल. फिटरसाहेब फाइल घेऊन आले. शेठ स्वतःच घेतलेला हार घेऊन आले.

"साईं, नाव पहिलं उल्हासनगरचं," शेठ म्हणाले. "धंदा कुठला? शिलाई कुठली?"

"आमचं अंबरनाथचं देऊळ किती जुनं आहे, माहीत आहे ना?" फिटरसाहेब.

"देवळात काय मशीन चालवत होते?"

"सर, काका, आपण फिरतं अध्यक्षपद ठेवू," इंजिनीअर म्हणाला. "सुरुवात बदलापूरपासून."

मी म्हणालो, "अहो, ह्यात अध्यक्ष लागतच नाही. कोणी कोणात विलीन होत नाही. फक्त बघणाऱ्याला एकत्र दिसतं."

तिघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जसं जेवणाच्या पंगतीत उपास सांगणाऱ्याकडे पाहतात. "अध्यक्ष नाही तर सत्कार कोणाचा करायचा?" फिटरसाहेबांनी विचारलं. शेठ उठले. हार पिशवीत परत गेला. "बदलापूरशी संबंध बंद. आजपासून!"

घरी वहिनी दारातच. "शटल मिळालं?"

"मतभेद मिळाले."

"फोन द्या इकडे."

दोन मिनिटांत मी दाखवलं, तिसऱ्या मिनिटाला तिने तिन्ही समूह बांधून गठ्ठ्याला नाव दिलं: 'शटल पाहिजे'. खाली सरकत गेली आणि थांबली. बदलापूरच्या समूहात बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरल्या माणसाने कधीचं लिहून ठेवलं होतं: 'बापाकडची पायमशीनची शटलं डबाभर पडलीत. कोनाला पायजेत का?' खाली इंजिनीअरचं एकमेव उत्तर: 'विक्रीच्या पोस्ट टाकू नयेत. नियम क्रमांक सात.'

वहिनीने पाड्याचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लिहून घेतलं. मला हसू आलं. सकाळी निरोप पाठवायला फोन उघडला, तर गठ्ठ्यातून बदलापूर अख्खं गायब. शेठ शब्दाचे पक्के. त्यांनी खरंच आपल्या सर्व्हरचा बदलापूरशी धागा कापला होता, आणि आमचं खातं त्यांच्याच सर्व्हरवर. कालचं हसू मी कॅलेंडरकडे बघत गिळलं.

आम्ही रिक्षाने गेलो. भाताच्या खाचरांपलीकडे घर. त्या माणसाने पत्र्याचा डबा अंगणात ओतला. "ज्यात बसंल ते घ्या, ताई. इकायचं मी कवा म्हनलो? कोनाला पायजेत, येवढंच इचारलं." सातवं शटल बरोबर बसेल असं मोडक्या तुकड्याशी जुळवून वहिनीने उचललं. "आणि दुसऱ्या कोणाला लागली तर?" तिने विचारलं. "पाठवा की. पन सांगनार कसं?"

परत येऊन मी वहिनीचं नवं खातं अंबरनाथच्या सर्व्हरवर उघडलं. संबंध तोडायची घोषणा फिटरसाहेबांनीही केली होती, पण ते बटण त्यांना अजून सापडलेलं नाही. म्हणून तिथून तिन्ही गावं दिसतात. वहिनीने आपला गठ्ठा सगळ्यांसाठी खुला केला आणि पाड्याचा पत्ता, त्या माणसाला विचारून, वर लावला. लोकांनी मुकाट्याने तो गठ्ठा उचलला. कोणी ठराव मांडला नाही, कोणी अनुमोदन दिलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी शेठचा फोन आला. "साईं, 'शटल पाहिजे'मध्ये आमचं पण नाव आहे. न विचारता! अध्यक्ष कोण आहे तिकडे?"

मी फोन वहिनीपुढे धरला.

"त्यांना थांबायला सांगा, भावजी. बाही लावतेय."

मी फोन मशीनच्या फळीवर ठेवून दिला. शेठ "हॅलो, हॅलो" करत राहिले, वहिनी पाय मारत राहिली. दुसरी बाही लागली तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला.