परेशरावांचा कान

न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या मराठी मंडळींमध्ये परेश नाडगौडाला 'कान आहे' असं सगळे म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी लायब्ररीजवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये वीसेक माणसं जमायची. कार्यक्रमाचं नाव 'सध्या काय ऐकताय?'. हल्ली ऐकलेल्या एखाद्या अल्बमबद्दल दहा मिनिटं बोलायचं, त्यातला तुकडा वाजवून दाखवायचा, मग चहा. कोणी जुनी नाट्यपदं आणी, कोणी मुलांच्या नादाने लागलेलं कोरियन पॉप. परेशची पाळी मुद्दाम शेवटी ठेवत. त्याच्यानंतर बोलायची कुणाची छाती नसे.

मार्चमध्ये तो एका माओरी गायिकेच्या अल्बमवर बोलला. शब्द कळत नसताना गाणं का पोचतं, हे सांगताना तो थांबला, चष्मा काढला आणि म्हणाला, "ही बाई श्वास लपवत नाही. बाकीचे गायक श्वास चोरून घेतात, ही उघड घेते. दार उघडून घरात यावं तशी ती प्रत्येक ओळीत येते."

हॉलमधून 'वा' उठलं. मागे टेबलावर कागदी प्लेटा मांडणाऱ्या कांचनचा हात थांबला. हे वाक्य तिने गुरुवारी संध्याकाळी भाजी चिरताना म्हटलं होतं. दारासकट.

कांचन परेशची बायको. शेजारच्या टे पुके गावातल्या एका फार्मसीत ती फार्मासिस्ट होती. बेथलेहेम या उपनगरातल्या घरून तिथे जाताना बंदराकडे निघालेल्या लाकडाच्या ट्रकांमागे गाडी रखडायची. किवीफळांच्या तोडणीच्या दिवसांत तर एका वेळेला अख्खा अल्बम संपायचा. लोक त्या ट्रॅफिकला शिव्या देत. कांचनला दिवसातला तेवढाच वेळ आपला वाटायचा.

तिचा कान लहानपणी घडला होता. मिरजेत तिचे वडील तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. तारेखालची घोडी घासून घासून तिच्यातून तो गुंजणारा, रेंगाळणारा नाद काढायचा, जवारी लावायची, हे त्यांचं काम. संशय आला की ते आठ वर्षांच्या कांचनला हाक मारत. "ऐक गं, कुठं अडकतंय?" ती डोळे मिटून सांगायची. तिचा आवाज बसका, गाता कधीच आलं नाही. पण कुठे अडकतंय ते तिला कळायचं.

आठ वर्षांपूर्वी ग्रुप सुरू झाला तेव्हा परेशनेच तिला विचारलं होतं, "माझी पाळी आहे, काहीतरी सांग ना. तुला ते बरोबर सुचतं." तिला बरं वाटलं. नवऱ्याने आपलं बोलणं लक्ष देऊन ऐकावं, याहून जास्त त्या दिवसांत तिला काही नकोही होतं. मग सवयच झाली. ती कामावरून आली की ओट्याशी बोलायची, तो स्टुलावर बसून विचारायचा, "आणि? अजून?" पुढे पुढे तो फोनवर टिपून घेऊ लागला. एकदा तिने सहज त्याचा फोन पाहिला. ज्या अल्बमवर तो पंधरा मिनिटं बोलला होता, त्यातलं एकच गाणं त्याने वाजवलं होतं, तेही अर्धं. आपण दोघं एकच, असं तो म्हणायचा, आणि तीही स्वतःला तेच सांगायची.

एप्रिलमध्ये इथल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने परेशला विचारलं. आठवड्याला अर्धा तास, मराठीत, 'परेशसोबत ऐकू या'. परेश घरी आला तो उडतच.

"आता महिन्याला एक करून चालायचं नाही," तो म्हणाला. "आठवड्याला एक लागेल. तू जरा लिहूनच ठेवत जा."

"आणि माझं नाव?" कांचनने विचारलं.

"कुठे?"

"कार्यक्रमात. कांचन आणि परेशसोबत, असं काहीतरी."

तो खरोखर गोंधळला. "तुला कुठे बोलायला आवडतं? चार माणसांसमोर तोंड उघडत नाहीस तू." मग हसून म्हणाला, "आणि तुझा आवाज रेडिओचा नाही गं."

तो चेष्टेत म्हणाला असेल. कांचनने कुकर लावला. जूनच्या बैठकीची यादी फोनवर फिरत आली तेव्हा तिने शेवटून दुसरं आपलं नाव टाकलं.

परेशला ते आवडलं. "बोल की! मजा येईल," म्हणाला. काय बोलणार ते त्याने विचारलं, तिने सांगितलं नाही.

त्या शनिवारी पाऊस होता. हॉलमधला हीटर घरघरत होता. कांचनने एका वयस्कर गायिकेचं घरगुती बैठकीतलं ध्वनिमुद्रण आणलं होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं. तिने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"अकराव्या मिनिटाला तंबोऱ्याची एक तार किंचित उतरते," ती म्हणाली. "मागे बसलेल्या माणसाचं लक्ष नसावं. बाईंना ते लगेच कळतं. पण त्या थांबत नाहीत, मागे वळून बघत नाहीत. आपला सूर त्या तारेकडे झुकवतात. पुढची वीस मिनिटं त्या चुकलेल्या तंबोऱ्याला धरून गातात, म्हणजे ऐकणाऱ्याला चूक कळूच नये. टाळ्या पडतात, आणि तो माणूसही खुशीत टाळ्या घेतो. मी हे कितीतरी वेळा ऐकलं. आधी मला वाटायचं, केवढं मोठं मन. आता वाटतं, बाईंनी एकदा थांबायला हवं होतं."

तिने तो तुकडा वाजवला. संपल्यावर क्षणभर कोणी हललं नाही, आणि कांचनला वाटलं, कळलं यांना.

मग मधुकरकाका उठले. ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, सहा महिने मुलाकडे इथे आणि सहा महिने पुण्यात असणारे. त्यांनी मोठ्याने टाळी वाजवली.

"वा! परेशराव, शिष्या तयार केलीत हो! अगदी तुमचीच शैली."

सगळे हसले, प्रेमाने हसले. कांचनची कानशिलं तापली.

"काका, ही माझीच शैली आहे," ती म्हणाली. "परेश आजवर इथे जे बोलला ते माझं होतं. आठ वर्षं."

हसणं विरलं. कोणीतरी खोकलं. मधुकरकाका समजूत घालावी तसे म्हणाले, "अगं, संसारात असं माझं-तुझं करतात होय?"

तेवढ्यात परेश उठला. कांचनने त्याच्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, रागावेल, सगळ्याची तिने मनातल्या मनात तयारी केली होती.

परेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगदी खरं आहे तिचं," तो म्हणाला. "मी जो काही आहे तो कांचनमुळे. तिच्याशिवाय मी शून्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बायकांनी डोळे टिपले. नवरा असावा तर असा, असं कोणीतरी म्हणालंही. आणि मग यादीप्रमाणे शेवटची पाळी परेशची होती. तो बोलला. तेही तिचंच होतं, फेब्रुवारीत ओट्याशी म्हटलेलं.

दोघं गाडीने घरी निघाले. पुलावर आल्यावर परेश म्हणाला, "सगळ्यांसमोर तुला क्रेडिट दिलं. अजून काय पाहिजे तुला?"

तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

मुलगी ऋग्वेदा घरी होती. ती विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. कांचनने तिला झाला प्रकार सांगितला. ऋग्वेदाने लॅपटॉपवरून मान वर केली.

"आय ऑल्वेज न्यू, आई. आय थॉट यू वर ओके विथ इट."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आय डोन्ट नो. लाइक, फोरेव्हर?" मग जरा विचार करून म्हणाली, "स्टार्ट युवर ओन थिंग. इट्स हीप्स ईझी. खूप सोपं आहे." आणि परत लॅपटॉपात शिरली.

कांचनने त्या दिवसापासून ओट्याशी बोलणं बंद केलं. भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. बिलं, भाजी, सर्व्हिसिंगला टाकायची गाडी, सगळं बोलायची. परेश स्टुलावर येऊन बसे, "काय ऐकलंस?" विचारे. ती म्हणे, "काही विशेष नाही." त्याच महिन्यात सुरू झालेला रेडिओचा कार्यक्रम पहिले काही आठवडे त्याने जुन्या टिपणांवर चालवला. मग तीच वाक्यं दुसऱ्या अल्बमना लावू लागला. 'श्वास न लपवणारी' ती बाई एका सतारवादकावरच्या कार्यक्रमातही आली. शेवटी शेवटी तो नुसती माहिती वाचायचा, कुठल्या साली कुठे रेकॉर्डिंग झालं ती. अकरा आठवड्यांनी केंद्राने कार्यक्रम थांबवला.

"इथल्या लोकांना खोलात शिरायला नको असतं," परेश म्हणाला. त्याचा त्यावर विश्वास बसलेला दिसत होता.

मधुकरकाकांचा पुण्याहून फोन आला, तोही कांचनला. "परेशराव हल्ली उतरलेत गं. ग्रुपवर सगळे काळजी करतायत. घरातून आधार लागतो माणसाला. त्या दिवशी तू बोललीस ना, ते लागलंय त्यांच्या मनाला. तू तेवढं मनावर घे." कांचन "बरं" म्हणाली. तिला वाटलं होतं, तो गप्प पडला की तरी लोकांना कळेल. लोकांना कळलं ते एवढंच, की बायकोने नवऱ्याला खच्ची केलं.

तेही तिने पचवलं असतं. तिला वाटलं, लोक गेले उडत, आपलं ऐकणं तर आपल्याकडे आहे. पण सप्टेंबरात एका सकाळी गाडीत नवा अल्बम लावला, चेलोवर एक जागा आली, आणि तिच्या मनात जे उमटलं ते चष्मा काढून, थांबून, परेशच्या आवाजात उमटलं. तिने दुसरं काहीतरी लावलं. तिथेही तेच. ऐकायच्या आधीच वाक्य तयार व्हायचं, आणि त्या वाक्यामागे टाळ्या ऐकू यायच्या. आठ वर्षं तिने प्रत्येक सूर कोणाला तरी सांगण्यासाठी ऐकला होता. नुसतं कसं ऐकायचं ते तिला आठवेना. महिनाभर तिने प्रयत्न केला. मग गाडीत ट्रॅफिकच्या बातम्या लावू लागली.

परेश अजूनही बैठकीला जातो. आता तो बोलत नाही, इतरांना दाद देतो, आणि त्याच्या दादेलाही मान आहे. कांचनने पहिल्या शनिवारची ड्यूटी मागून घेतली. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. वरच्या स्पीकरमधून सकाळपासून काहीतरी वाजत होतं. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर बोटांनी ताल धरून उभे होते. ती पाकिटावर लेबल चिकटवत होती.

"छान गाणं आहे नाही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो का?" कांचन म्हणाली. तिचं खरंच लक्ष नव्हतं. "दिवसातून एक, सकाळी, जेवणानंतर," तिने सांगितलं आणि पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं.