आमच्या गाडीतली आचारसंहिता

चार मास्तर रोज एकाच गाडीत कोंबले की किस्से गोळा करत बसावं लागत नाही, ते आपोआप साचतात. आमचं अपडाऊन मालेगावहून केनवडच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत. गाडी माझी, म्हणून स्टिअरिंगही माझं आणि उशीर झाला की शिव्याही मलाच. शेजारी काळे मॅडम. मागे देशमुख सर आणि गवई सर, बारा वर्षांचे दोस्त. निवडणूक आली की मात्र एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला!

०

प्रचार सुरू झाला आणि गाडीत बसणं मुश्किल झालं. मॅडमनी नियम काढला: गाडीत जो राजकारण काढेल, तो सकाळी गाडीला धक्का मारेल. माझी बॅटरी तेव्हा मेलेलीच होती. दुसऱ्याच दिवशी दोघंही मागून धक्का मारताना दिसले, आणि भांडण तर जोरात! नियम गाडीच्या आतला होता ना.

गाडी सुरू झाली, मी निघालो. पुढच्या वळणावर मॅडम म्हणाल्या, "सर, मागं कोणीच नाही." आरशात पाहिलं तर दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहून हातवारे करत होते. गाडी गेली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

०

मग आमचा चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप. पहाटे पाचपासून दोघांचे फॉरवर्ड. मॅडमनी एवढंच लिहिलं, "चौथीच्या पोरांपुढं मोठ्यानं वाचता येईल, तेच टाकजा."

तीन दिवस ग्रुप मेल्यासारखा पडला. चौथ्या दिवशी देशमुख सरांनी गाईच्या नव्या वासराचा फोटो टाकला. गवई सरांचा लगेच अंगठा!

०

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र हसू मावळलं. वादाच्या भरात देशमुख सर बोलून गेले, "तुमच्या लोकायचं हे असंच असते."

तुमचे लोक. बारा वर्षांत हा शब्द आमच्या गाडीत कधी आला नव्हता. गवई सरांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मलाही फार वाईट वाटलं, आणि तेव्हाच काही बोललो नाही याची लाज अजून वाटते.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं मॅडमच्या मार्फत. "मॅडम, त्याहिले म्हणा, काच वर घ्या." दोघांच्या मधे एक दप्तर मावेल एवढीच जागा, आणि निरोप पुढच्या सीटवरून फिरून यायचा.

०

देशमुख वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. गवई सरांना ॲसिडिटी, म्हणून त्यांच्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळ्या डब्यात यायची, ती येतच राहिली. देशमुख सर मधल्या सुट्टीत डबा मुकाट्यानं पुढं सरकवायचे.

गवई सर दोन दिवस त्या डब्याकडं नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी डबा उघडला आणि मॅडमना म्हणाले, "त्याहिले सांगजा, माह्यं वहिनीसंगं भांडण नाही."

०

आणि एका सकाळी गवई सरांनी गाडीत सांगून टाकलं, की ते बदली मागताहेत, शिरपूरकडं. म्हणजे आमच्या गाडीतली एक जागा रिकामी होणार. फॉर्म ऑनलाइन, आणि आमच्या शाळेत ऑनलाइनचं सगळं एकटे देशमुख सरच करतात. शेवटच्या दिवशी, मुदत संपायला अर्धा तास असताना, गवई सर गुपचूप त्यांच्या लॅपटॉपपुढं जाऊन बसले.

देशमुख सरांनी एकेक रकाना भरला. इतकं सावकाश टाइप करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "गवई सर, ते मी बोलाले नव्हतं पायजे. चुकलंच माह्यं."

 टेबलावरचा गवई सरांचा मोबाइल टुंग वाजला.

"ओटीपी आला का?"

"नाही आला."

देशमुख सरांनी परत पाठवला. मोबाइल परत वाजला. मी आणि मॅडम मोबाइलकडं बघत होतो. गवई सर खिडकीबाहेर.

"नाही आला."

"येणारच नाही," देशमुख सर म्हणाले, "इथं रेंजच नाही." आणि हात बांधून बसून राहिले.

मुदत संपली. तेवढ्यात तोच मोबाइल खणखणला. गवई वहिनींचा फोन.

"हा, बोल. हो, आवाज येऊन राह्यला, चांगला क्लिअर येऊन राह्यला," गवई सर म्हणाले. "नाही ना, फॉर्म नाही भरल्या गेला. अवं, इथं रेंजच नाही!"