वारुळातली शेती

वादळात आमच्या नागावच्या वाडीतले माड आडवे झाले, त्याला काही वर्षं उलटली. शेजारच्या वाड्यांत तोवर पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यातही तेच शिरलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, हट्टी. त्यांनी ज्येष्ठात माडाची नवी रोपं लावली आणि भावाला सांगितलं, "गणपतीपर्यंत ही जगली तर वाडी वाडीच राहील. मेली तर बांध तुझ्या खोल्या, मी तोंड उघडणार नाही." भाऊ हसला. हसले मीही. या वयात माड लावून शहाळं पिणार कधी, असं मी त्यांना चिडवलं. "मी पिणार म्हणून कोण लावतंय?" ते म्हणाले.

आषाढात पावसाने ओढ दिली नि रोपांना वाळवी लागली. पानं पिवळी पडत आणि कोंब जरा ओढला की अलगद हातात येई. खाली नारळाचं सोडण, ते वरचं काथ्याचं साल, पोखरून त्याचा भुगा झालेला असे. जो तो सांगे, दुकानातून विषारी पावडर आणा. पण विहीर वाडीतच आणि आम्ही पाणी पितो तेही तिचंच. बाबांनी पावडरीचं नाव काढू दिलं नाही. त्यांनी मागच्या पडवीत पिंप मांडलं आणि कडुलिंबाची पेंड, रुईचा पाला नि करंजाचं तेल घालून काढा मुरत ठेवला. त्याचा वास इतका भयंकर की पोस्टमन फाटकातूनच हाक मारायचा. काढा रोपांच्या बुडाशी ओतला की चार दिवस बरे जात, मग पुन्हा मातीचे पापुद्रे वर चढत.

शेतीखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलून एक दिवस ते माझ्यासमोर, फळ्यापुढे उभं राहावं तसे, येऊन उभे राहिले. "अगो, ह्या वाळवीला नुसतं लाकूड पचत नाही. चावून वारुळात नेते, त्यावर बुरशी पिकवते आणि त्यावर जगते. शेती करते, शेती! आपण वरवर ओतत बसलोय. बुरशी मेली की ही उपाशी मरेल." किती तरी दिवसांनी मी त्यांना इतकं खुशीत बघत होते. पहारीने वारुळाला भोक पाडायचं आणि पिंपातला काढा थेट आत सोडायचा, असं ठरलं.

वारूळ वाडीच्या कोपऱ्यात होतं, माझ्या खांद्याइतकं उंच. आईची नागपंचमी तिथेच व्हायची. तिचा एकुलता भाऊ तरणाताठा गेला आणि तिचं माहेर संपलं. तेव्हापासून दर श्रावणात ती आदल्या दिवशी भावाचा उपवास धरायची आणि पंचमीला दूध-लाह्या घेऊन वारुळापाशी जायची. आत नाग आहे की नाही, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अहो, एवढी पंचमी होऊ दे," ती बाबांना म्हणाली. "मग काय ते करा."

उभ्या जन्मात देवळाची पायरी न चढलेले माझे बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. माझं डोकंच फिरलं. पंचमी अजून लांब होती. "वाळवी थांबणार आहे का तोवर?" मी त्यांच्यावर ओरडले.

"तिनं आजवर मागितलंय तरी काय?" ते म्हणाले आणि रिकामी बादली घेऊन रोपांकडे गेले.

वाळवी अर्थातच थांबली नाही. बाबा रोज सकाळी वाडीत जायचे आणि आणखी एखादा कोंब हातात घेऊन परत यायचे. मग पाऊस आला तो कोसळतच, पण पंचमी उजाडली तेव्हा वाडीत एकही रोप जिवंत नव्हतं. आई दूध-लाह्या घेऊन गेली तर वारुळाच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र अळंबी उगवलेली. त्या दिवशी काही चिरत नाहीत, तोडत नाहीत, म्हणून तिने ती दुसऱ्या दिवशी काढून आणली. कांदा नि ओलं खोबरं घालून भाजी केली. वादळापासून आम्ही खोबरं विकतच आणत होतो.

बाबांनी ताटातली एक अळंबी उचलून उलटसुलट पाहिली. "वाढ आणखी," ते म्हणाले. "वारुळातल्या बुरशीचीच ही अळंबी. माझीच रोपं आहेत ती." आणि त्यांनी सगळी भाजी खाल्ली. आईने स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवलं.

"पंचमी झाली," ती हळूच म्हणाली. "आता ओता ना तो काढा."

"आता कशाला? एकाची तरी शेती चालू दे."

गणपतीला भाऊ आला तो मोजपट्टी घेऊनच. बाबांनी शब्द पाळला, तोंड उघडलं नाही. दिवाळीनंतर जेसीबी आला आणि त्याने एका फटक्यात वारूळ उलथलं. आत नाग नव्हता. करड्या, भोकाभोकांच्या ढेकळांवर पांढरी बुरशी होती आणि वाळवी वाट फुटेल तिकडे पळत होती. एवढं सांभाळून शेवटी तेही गेलं, याचा मला इतका राग आला की मला भावाकडे बघवेना.

आई पडवीत पिंपाशेजारी उभी होती. "अहो," तिने विचारलं, "आता पंचमीला मी कुठे जाऊ?"