सपाटीला लावलेली जीप

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून अशोक मिस्त्रींबद्दल लिहून ठेवते.

थंडीत अडणारी गाडी मिस्त्री जुन्नरच्या आपल्या गॅरेजात कधी बघत नसत. "तितं येईस्तवर ती गरम व्हती. गरम गाडी काय सांगणार?" म्हणायचे. आदल्या संध्याकाळी एसटीनं घाटघरला आमच्याकडे मुक्कामाला यायचे. पहाटे त्यांच्याआधी कुणी चावीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

आमची जीप जुनी, डिझेलवरची. आमचे हे तिच्यातून माणसं जुन्नरला नेतात, त्यावरच घर चालतं. थंडीत ती सुरूच व्हायची नाही, झाली तरी लगेच बंद पडायची. आमच्याकडे सगळेच रात्री गाडी उतारावर लावतात. सकाळी ढकलली की झालं. मिस्त्रींना त्याचा राग. "राव, उतारानं गाडी पळती, पण दुखणं तसंच ऱ्हातं. सपाटीला लावा."

एका हिवाळ्यात त्यांनी चारही हीटर प्लग बदलले. गार इंजिन आतून तापवतात ते. चावी मात्र ह्यांना फिरवू दिली नाही. "ह्यांना लई घाई. ताई, तुमी बसा." मी पदर ओढून दारामागे गेले. "चावीला काय लाजता? ती काय तुमची सासू हाय?" हे हसले, मग मीही बसले. धूर पांढरा की काळा, आवाज कुठं अडखळला, ते मलाच विचारायचे. माझं मत त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत जीप पुन्हा बंद पडू लागली. मिस्त्री आले. ह्यांनी सवयीनं उतारावर लावलेली जीप त्यांनी सपाट अंगणात आणवली. पहाटे इंजिनकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाइपात आरपार दिसणाऱ्या नळीचा तुकडा जोडला. मी चावी फिरवली. जीप सुरू झाली, बंद पडली.

"या, बघा ताई." नळीत बुडबुडे होते. "जुन्या पाइपाला चीर हाय. रातभर डिझेल मागं टाकीत उतरतं, हवा आत शिरती. प्लगचा दोष नाय." खुशीत होते. तसेच छातीला हात लावून खाली बसले.

गावातली दुसरी जीप लग्नाला गेलेली, एसटीला दोन तास. आमची ढकलून पाहिली, पण सपाटीवर तिला वेग येईना. हे सारखी चावी मारत राहिले. ओट्यावरून मिस्त्री म्हणाले, "थांबवा त्यांना, बॅटरी जाईल. ताई, पंप मारा. हवा काढा." फिल्टरवरचा हातपंप मी मारत सुटले. सुरू झाली, बंद पडली. "अजून हाय हवा. मारा." तिसऱ्यांदा टिकली. "आता बरा हाय आवाज," ते म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. हे जुन्नरच्या दवाखान्याकडे निघाले. मागच्या सीटवर मी परक्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, लाज आठवलीच नाही. जुन्नर येण्याआधीच मिस्त्री गेले.

त्या प्लगचे पैसे आमच्याकडे राहिले होते. अंडी विकून मी दर महिन्याला थोडे त्यांच्या घरी नेऊन द्यायचे. मिस्त्रींच्या बायको कमलवहिनी चहा करायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "शेवटी काय म्हणाले?" मी कपात बघत राहायचे.

काल शेवटचे पैसे घेऊन गेले, तेव्हा सांगितलं. "वहिनी, गाडी उतारावर असती तर लगेच सुरू झाली असती. सपाटीवर अर्धा तास गेला. पंप मारा म्हणाले. आवाज बरा हाय म्हणाले. तेवढंच."

त्या मेथी निवडत होत्या. "उतारावर त्यांनी ऱ्हाऊ दिली असती व्हय," म्हणाल्या. मग देठं बाजूला सारत, "मला वाटलेलं, माझं नाव घेतलं असंल."

मी खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. नोटा पुढे केल्या. त्यांनी न मोजता डब्यात टाकल्या.

"फिटलं सगळं," म्हणाल्या. "थोडं मागं ठेवायचं व्हतंस गं. येत ऱ्हायली असतीस."